तंबाखू सोडवणे हे रुग्णालयाचेच काम



आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डातून एक फेरी मारली, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, दम लागून उठून बसलेले, अर्धांगवायू झालेले, क्षयाने खंगलेले रुग्ण दिसतात. सर्जरीच्या वॉर्डात पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून बोटे काळी पडलेले रुग्ण असतात, आणि कान-नाक-घशाच्या वॉर्डात तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले. यांतल्या पुष्कळांच्या केसपेपरवर एक ओळ हटकून सापडते : इतकी वर्षे विडी, किंवा इतकी वर्षे तंबाखू. दाखल करून घेताना निवासी डॉक्टरने ती लिहिलेली असते. त्याच कागदावर रक्तदाबाच्या नोंदीपुढे गोळी लिहिली जाते, साखरेच्या आकड्यापुढे इन्शुलिनची मात्रा लिहिली जाते. तंबाखूच्या ओळीपुढे मात्र बहुतेक वेळा काहीच लिहिले जात नाही. फार तर राउंडला आलेले मोठे डॉक्टर “आता विडी बंद करा बरं का” एवढे सांगून पुढच्या खाटेकडे वळतात. माझे आजचे प्रतिपादन या कोऱ्या जागेविषयी आहे. तंबाखूचे व्यसन हा निदान करून उपचार करण्याजोगा आजार आहे. त्याचा उपचार रुग्ण खाटेवर असतानाच सुरू झाला पाहिजे. आणि रुग्ण घरी गेल्यावर किमान महिनाभर तो रुग्णालयानेच चालू ठेवला पाहिजे. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले आहे.

तंबाखू माणसाला मारते या ज्ञानाचा मोठा भाग आपल्याला रुग्णालयांतूनच मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. मोटारींचा धूर, रस्त्यावरचे डांबर असे तर्क केले जात होते. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील २० रुग्णालयांतल्या रुग्णांना त्यांच्या धूम्रपानाविषयी बारकाईने प्रश्न विचारले, कर्करोगाच्या रुग्णांची उत्तरे इतर रुग्णांच्या उत्तरांशी ताडून पाहिली आणि १९५० साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्याचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ साली आले : सिगारेट ओढत राहणारे सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरतात; पण साठाव्या वर्षी सोडली तर सुमारे ३ वर्षे, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी १० वर्षे परत मिळतात. भारतातल्या ११ लाख घरांची पाहणी करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आपलेही चित्र समोर ठेवले. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी कमी होते. विडी पानाची असते, सौम्य असते, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. तमिळनाडूतल्या २००३ सालच्या अभ्यासाने तर भारतीय पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांमागे धूम्रपान असल्याचे दाखवले. म्हणजे क्षयाच्या वॉर्डात विडीचा विषय काढणे हे अवांतर नाही, क्षयाच्याच उपचाराचा तो भाग आहे.

व्यसनाला आजार का म्हणायचे, याचे उत्तर निकोटीनच्या कामात आहे. धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि तिथे सुखसंवेदनेशी जोडलेल्या डोपामिनचा स्राव वाढवते. रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे दिवसभर थोड्याथोड्या वेळाने तलफ येते, आणि वर्षानुवर्षे असा मारा होत गेला की मेंदूतल्या निकोटीन टिपणाऱ्या ग्राहींची संख्याच वाढते. निकोटीन तुटले की चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, लक्ष न लागणे, उदास वाटणे, भूक वाढणे ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत तीव्र असतात आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतात. आता रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा विचार करा. त्याची विडी डॉक्टरांनी सोडवलेली नसते. दाखल झाल्यामुळे ती आपोआप तुटलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो नर्सवर खेकसतो, सलाइन काढून टाकायला निघतो, ‘मला घरी सोडा’ म्हणतो, किंवा जिन्याखाली जाऊन गुपचूप चार झुरके मारून येतो. त्याला हट्टी, बेशिस्त रुग्ण ठरवले जाते. खरे तर तो एका ओळखीच्या, नोंदवलेल्या, औषध उपलब्ध असलेल्या विकाराची लक्षणे दाखवत असतो. ज्या वॉर्डात ताप मोजला जातो, त्याच वॉर्डात तलफ मोजली जात नाही, एवढाच फरक. तिच्यावर निकोटीनची त्वचेवर लावायची पट्टी किंवा च्युइंगगम देता येते. हृदयरुग्णांना निकोटीन कसे द्यायचे, ही शंका रास्त आहे. पण हृदयविकार असलेल्या रुग्णांना पट्टी देऊन पाहिलेल्या अमेरिकेतील चाचणीने १९९६ सालीच दाखवले, की पट्टीमुळे हृदयाच्या गंभीर घटना वाढत नाहीत. विडीतून निकोटीन झटक्याने मिळते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड व शेकडो घातक द्रव्ये येतात. पट्टीतून ते हळूहळू आणि एकटेच येते.

रुग्णालयात हे काम करण्याची संधी मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको. माणूस घाबरलेला असतो, विचार करायला वेळ असतो, रोजची टपरी आणि रोजचे सोबती दूर असतात, आणि आजूबाजूला डॉक्टर, नर्स, औषधे सगळे हजर असते. अनेकांचा असा समज आहे, की ही संधी साधून वॉर्डात नीट समजावले की काम झाले. पुरावा तसे सांगत नाही. रुग्णालयातल्या रुग्णांना धूम्रपान सोडण्यासाठी केलेल्या मदतीच्या ५० चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली घेतला. ज्या कार्यक्रमांत वॉर्डात सुरू झालेले समुपदेशन डिस्चार्जनंतर किमान एक महिना चालू ठेवले होते, तिथे धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त आढळले. जिथे समुपदेशन थोडक्यात आटोपले, किंवा घरी गेल्यावर थांबले, तिथे फायदा सिद्ध झाला नाही. या समुपदेशनाला निकोटीन पट्टी-गमची जोड दिल्यावर यश आणखी वाढले. धूम्रपान करणारा रुग्ण हृदयविकाराने आला होता की आणखी कशाने, याने मदतीचा उपयोग ठरला नाही. माझ्या दृष्टीने या आढाव्यातला सर्वांत मोलाचा धडा हा आहे : वॉर्डात न ओढणे म्हणजे सोडणे नव्हे. वॉर्डात विडी मिळत नाही म्हणून ती ओढली जात नाही. खरी परीक्षा घरी पोचल्यावर होते. पहिला चहा, पहिले जेवण, भेटीला आलेला जुना मित्र, कामावर परतल्यावरची पहिली सुटी, बरे वाटू लागल्यावर ओसरलेली भीती, या सगळ्यांशी त्याची गाठ पहिल्या महिन्यात पडते, आणि नेमके तेव्हाच रुग्णालयाचा हात सुटलेला असतो. आपण पथ्यपाण्याची यादी देतो, टाके काढायला बोलावतो, गोळ्या संपल्या की पुन्हा यायला सांगतो. तंबाखूची विचारपूस करायला कोणी बोलावत नाही.

हे प्रत्यक्षात कसे करता येते, याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण कॅनडातील ओटावा शहरातले आहे. तिथल्या विद्यापीठाच्या हृदयरोग संस्थेत या शतकाच्या सुरुवातीला एक पद्धत बसवली गेली. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला धूम्रपानाविषयी विचारायचे आणि उत्तराची ठरलेल्या जागी नोंद करायची. धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकाला खाटेपाशी सल्ला आणि औषध द्यायचे. आणि घरी गेल्यावर सहा महिने ठरावीक दिवसांनी स्वयंचलित फोन करून विचारायचे, की कसे चालले आहे. पुन्हा सुरू केली, किंवा करावीशी वाटते, असे उत्तर आले की प्रशिक्षित नर्स स्वतः फोन करते. यात नवे औषध नाही की महागडे यंत्र नाही. नवे आहे ते एवढेच, की हे काम कुणा एका तळमळीच्या डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेले नाही, ते रुग्णालयाच्या रोजच्या कामात बसवलेले आहे. पूर्व ओंटारिओतील ९ रुग्णालयांत ही पद्धत नेल्यावर सहा महिन्यांनी धूम्रपानमुक्त असलेल्यांचे प्रमाण १८.३ टक्क्यांवरून २९.४ टक्क्यांवर गेले, असा अहवाल २०१० साली आला. २०१७ साली १४ रुग्णालयांतल्या १,३६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी वर्षभरात ११.४ टक्के मरण पावले होते; या पद्धतीतून गेलेल्यांपैकी ५.४ टक्के. पहिल्या ३० दिवसांत पुन्हा दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाणही १३.३ टक्क्यांवरून ७.१ टक्क्यांवर आले होते. ब्रिटनने हाच धागा धरला. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१८ साली अहवाल काढून सांगितले, की तंबाखूचा उपचार न करणे ही आरोग्यसेवेची उणीव आहे. आणि २०१९ च्या दीर्घकालीन आराखड्यात तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने दाखल होणाऱ्या प्रत्येक धूम्रपान करणाऱ्याला हा उपचार मोफत देऊ करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

इथे चोखंदळ श्रोता विचारील, की हा फरक खरोखर उपचाराचाच कशावरून? ओटावाचा अभ्यास पद्धत लागू होण्याआधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची तुलना करतो. मधल्या काळात इतरही उपचार सुधारले असतील. दोन्ही गटांतले रुग्ण सारखेच आजारी नसतील. ही शंका रास्त आहे, आणि मृत्युदर निम्म्यावर आला त्याचे सगळे श्रेय या एका पद्धतीला देणे मला मान्य नाही. पण पुरावा एवढाच नाही. अमेरिकेतील ओमाहा येथे हृदयविकाराने अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या २०९ धूम्रपान करणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला नेहमीचा सल्ला मिळाला. दुसऱ्याला त्याखेरीज अनेक आठवडे समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे. दोन वर्षांनी सलग धूम्रपानमुक्त राहिलेले पहिल्या गटात ९ टक्के होते, दुसऱ्यात ३३ टक्के. मृत्यू पहिल्यात १२ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के. हा अभ्यास लहान आहे, पण गट वाटपाने पाडलेले असल्यामुळे ओटावाला लागू होणारी शंका त्याला लागू होत नाही. शिवाय हृदयरुग्णांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ साली घेतला गेला, त्यात धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी आढळला. हृदयरुग्णाला आपण ज्या गोळ्या आयुष्यभर देतो, त्यांच्या तोडीचा हा लाभ आहे. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर प्रत्येकातली उणीव मान्य करूनही त्या दिशेने जाणे शहाणपणाचे ठरते.

हा लाभ फक्त दूरच्या भविष्यात मिळतो असेही नाही. कोपनहेगनमधील एका चाचणीत खुबा किंवा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी सहा ते आठ आठवडे काही रुग्णांना धूम्रपान सोडण्यासाठी मदत दिली गेली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेले रुग्ण मदत न मिळालेल्या गटात ५२ टक्के होते, मदत मिळालेल्यांत १८ टक्के. जखमेच्या तक्रारींत तर ३१ आणि ५ टक्के असा फरक पडला. नियोजित शस्त्रक्रियेची तारीख देतानाच ओपीडीत ही मदत सुरू करण्याचे यापेक्षा चांगले कारण सापडणार नाही. दुसरी गोष्ट औषधांची आहे. तंबाखूच्या धुरातली काही द्रव्ये यकृतातल्या एका विकराचे काम वाढवतात, त्यामुळे दम्याचे थिओफायलिन आणि मानसिक आजारांची क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. रुग्ण दाखल झाला आणि विडी एकाएकी तुटली, की त्याच मात्रेने औषधाची रक्तातली पातळी चढते आणि विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. रुग्णाच्या धूम्रपानाची नीट नोंद ठेवणे हे अशा वेळी सुरक्षित उपचाराची साधी अट ठरते.

आता मुख्य आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वेळेचा. एका निवासी डॉक्टरच्या अंगावर चाळीस-पन्नास रुग्ण असताना समुपदेशन कोण करणार? उत्तर असे, की सगळे काम डॉक्टरने करायचेच नाही. डॉक्टरच्या वाट्याला तीन गोष्टी येतात : विचारणे, आजाराशी संबंध जोडून एक ठाम वाक्य बोलणे, आणि मदतीची सोय आहे असे सांगून औषध लिहिणे. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. डॉक्टरांच्या संक्षिप्त सल्ल्याचाही उपयोग होतो, हे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. मात्र त्याने सोडणाऱ्यांत शंभरामागे एक ते तिघांचीच भर पडते, म्हणून त्यावर थांबता येत नाही. पुढचे काम नर्स, समुपदेशक, समाजसेवा विभागातले कार्यकर्ते करू शकतात. केरळमध्ये मधुमेहाच्या दोन दवाखान्यांतील २२४ पुरुष रुग्णांवर झालेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे फार बोलका आहे. सर्वांना डॉक्टरांचा सल्ला आणि माहितीपुस्तिका मिळाली. निम्म्यांना त्याखेरीज डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्याचे समुपदेशन मिळाले. सहा महिन्यांनी सोडल्याचे सांगणारे पहिल्या गटात १२.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ५१.८ टक्के होते. रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबलेला आकडा म्हणून त्यातून थोडी सूट द्यावी. तरीही सल्ला आणि मदत यांत केवढे अंतर आहे, ते त्यात स्वच्छ दिसते. हा आपल्याच देशातला, सामान्य रुग्णांमधला, परवडणाऱ्या खर्चातला पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो पुष्कळदा मनातच राहतो : ज्याने स्वतःच्या हाताने आजार ओढवून घेतला, त्याच्यासाठी समाजाने एवढे कष्ट का घ्यावेत? मनाचा निग्रह असेल तर सुटते, नसेल तर नाही. या विचारात दोन चुका आहेत. बहुतेकांना तंबाखू लागते ती कोवळ्या वयात, परिणामांची समज येण्याआधी. आणि ज्या वस्तूची जाहिरात, पुरवठा आणि किंमत प्रौढांनी ठरवली तिचा दोष एकट्या वापरणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. दुसरे म्हणजे इच्छा नसते हेच खरे नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या ५५ टक्क्यांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार किंवा बेत असल्याचे सांगितले. म्हणजे दर दोघांमागे एक तयार आहे; त्याला हात देणारा नाही. याच्याशी जोडलेला तिसरा आक्षेप दयेपोटी येतो. आजारपणात माणसाचा तेवढा एकच विरंगुळा कशाला हिरावून घ्यायचा, असे नातेवाईकच म्हणतात. पण धूम्रपान सोडल्यावर मनःस्थितीचे काय होते, याचा २६ अभ्यासांवर आधारित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. विडीने जो ताण उतरतो असे वाटते, त्यातला बराचसा तिच्याच तलफेने आणलेला असतो.

‘आता सोडून काय उपयोग?’ हा चौथा आक्षेप कर्करोगाच्या वॉर्डात हमखास ऐकू येतो. मॉस्कोत फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या, तोवर धूम्रपान करणाऱ्या ५१७ रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. निदानानंतर धूम्रपान सोडलेल्यांचे जगणे न सोडलेल्यांपेक्षा मध्यकाच्या हिशेबाने २१.६ महिन्यांनी लांबले होते. जवळजवळ दोन वर्षे हा काळ एखाद्या कुटुंबासाठी किती मोठा असतो, ते सांगायला नको. अर्थात शेवटच्या टप्प्यात असलेल्या, वेदनेने ग्रासलेल्या रुग्णाच्या मागे लागू नये, एवढी माणुसकी कुठल्याही कार्यक्रमात असलीच पाहिजे. मात्र ‘उशीर झाला’ हा निर्णय पुराव्यावर घ्यावा, आपल्या निराशेवर घेऊ नये. पाचवा आक्षेप धोरणाचा आहे. कर वाढवा, विक्रीवर बंधने आणा, मुलांना तंबाखूपासून वाचवा, उपचाराच्या मागे कशाला लागता? हे सर्व उपाय आवश्यकच आहेत. पण आज जे मूल तंबाखूपासून वाचेल, त्याचा लाभ मृत्यूच्या आकड्यांत दिसायला चार-पाच दशके जातील. येत्या वीस-तीस वर्षांत तंबाखूने मरणारे बहुतेक लोक आजच तंबाखू घेत आहेत. त्यांना वाचवण्याचा मार्ग त्यांची तंबाखू सोडवण्याखेरीज दुसरा नाही, आणि त्यांतले सर्वांत जास्त धोक्यातले आज आपल्या रुग्णालयांत पडून आहेत.

शेवटचा आक्षेप असा, की हा सगळा पुरावा सिगारेटच्या देशांतला आहे, महाराष्ट्राचे काय? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नक्कल चालणार नाही. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, आणि धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या वॉर्डात फक्त ‘विडी-सिगारेट ओढता का’ असे विचारले, तर तंबाखू घेणाऱ्यांतले बहुतेक जण निसटून जातात. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, गालात भरलेला बार, बंदी असूनही मिळणारा गुटखा, खर्रा, मावा, आणि स्त्रियांची मशेरी, या प्रत्येकाविषयी नाव घेऊन विचारावे लागते. “काही व्यसन आहे का?” या प्रश्नाला मशेरी लावणारी आजी प्रामाणिकपणे नाही म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. “आजी, मशेरी किती वेळा लावता?” असे आपुलकीने विचारले, की खरे उत्तर येते. आणि मशेरीतले निकोटीनही तलफ लावते, तोंडाला इजा करते. देशभरात वर्षभरात डॉक्टरांकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना. आपल्या राज्यात जिचे प्रमाण सर्वांत जास्त, तिच्याविषयीच वैद्यक सर्वांत कमी बोलते. पुराव्याबद्दल प्रामाणिक राहायचे तर हेही सांगितले पाहिजे, की चघळायच्या तंबाखूवर निकोटीन पट्टी आणि गम यांचा उपयोग धूम्रपानाइतका पक्का सिद्ध झालेला नाही. व्हॅरेनिक्लिन या गोळीचा आणि समुपदेशनाचा पुरावा अधिक चांगला आहे. म्हणूनच इथे बोलण्याच्या मदतीला आणि घरी गेल्यावरच्या पाठपुराव्याला दुप्पट महत्त्व येते.

साधने आपल्याकडे नाहीत असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत २००२ पासून तंबाखूमुक्ती केंद्रे चालतात. २०१६ साली १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली, आणि २०१८ पासून तो क्रमांक तंबाखूच्या प्रत्येक पुडीवर छापला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटीनचे पर्याय २००९ साली आणि व्हॅरेनिक्लिन व बुप्रोपिऑन २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीतही निकोटीनच्या पर्यायांना स्थान मिळाले. क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाच्या तंबाखूची विचारपूस करण्याची रीत ठरलेली आहे. गावात आशाताई आहेत, त्या बाळंतिणीच्या घरी जातात, क्षयरुग्णाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवतात. तुटलेला आहे तो दुवा : वॉर्डातली खाट आणि ही सगळी व्यवस्था यांना जोडणारा. पुडीवरचा क्रमांक वाचून स्वतः फोन लावण्याची अपेक्षा आजारी, थकलेल्या आणि कदाचित निरक्षर माणसाकडून करणे हा मदतीचा अर्थ होत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नर्सने त्याच्या शेजारी बसून तो फोन लावून देणे, घरच्यांनाही सामील करून घेणे, हा अर्थ होतो.

खर्चाचे म्हणाल, तर देशाला तंबाखूच्या आजारांची आणि अकाली मृत्यूंची किंमत २०१७-१८ या एका वर्षात सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपये पडली, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या तो एका टक्क्याहून जास्त होतो. एका वॉर्डाला अर्धवेळ समुपदेशक, फोनसाठी थोडा वेळ आणि फार्मसीत काही औषधे, याला लागणारा पैसा त्या ओझ्यापुढे नगण्य आहे. एका रुग्णाची दुसरी अँजिओप्लास्टी टळली, तरी अनेकांच्या पट्ट्यांचा खर्च निघतो.

म्हणून रुग्णालयांचे व्यवस्थापन, वैद्यकीय महाविद्यालयांचे अध्यापक आणि सार्वजनिक आरोग्य विभाग यांच्यापुढे मी चार मागण्या ठेवतो. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ओढायच्या आणि चघळायच्या, दोन्ही प्रकारच्या तंबाखूविषयी विचारले जावे, आणि रक्तदाबाइतक्याच नियमाने ते केसपेपरवर यावे. होकार आला की चोवीस तासांत तलफेवर उपचार लिहिला जावा. डिस्चार्ज कार्डावर तंबाखूचे निदान, औषध आणि पुढच्या फोनची तारीख असावी. पहिला फोन आठवड्याच्या आत, आणि मग महिनाभर ठरावीक अंतराने. किती जणांना विचारले, किती जणांना औषध मिळाले आणि महिन्याने किती जण तंबाखूमुक्त होते, हे तीन आकडे प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी जाहीर करावेत. यातला प्रत्येक आकडा आज सुरुवातीला लाजिरवाणा निघेल, तरी चालेल. मोजायला लागल्याशिवाय तो सुधारत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याला छातीचा आवाज ऐकायला जितक्या काळजीने शिकवतो, तितक्याच काळजीने तंबाखू सोडवायला शिकवले पाहिजे, आणि परीक्षेतही ते विचारले पाहिजे. श्रोतेहो, यात आपलाही वाटा आहे. घरचे माणूस रुग्णालयात असेल तेव्हा त्याच्या एक्स-रेविषयी विचारता, तसेच त्याच्या तंबाखूवर काय उपचार चालू आहे, असे डॉक्टरांना विचारा. आणि घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात त्याला रागे भरण्याऐवजी त्याच्या सोबत राहा. एकदा पुन्हा ओढली, म्हणजे सगळे संपले असे समजू नका. सोडण्याचे बहुतेक यशस्वी प्रयत्न आधीच्या फसलेल्या प्रयत्नांनंतरच येतात. तंबाखूने आजारी पडलेल्या माणसाला तंबाखू सोडायला मदत न करता घरी पाठवणे, हा अर्धाच उपचार आहे, आणि अर्ध्या उपचाराला यापुढे पूर्ण म्हणणे आपण थांबवले पाहिजे.